जांभा चिरा घ्यायचा असेल तर

देवगड तालुक्यात, समुद्राचा वारा थेट अंगावर येतो अशा सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, कडेला आम्ही जांभ्याच्या चिऱ्यात, म्हणजे तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांत, घर बांधलं. आता त्यावरून पावसाळे गेले आहेत आणि भिंतींचे गुण आणि खोडी दोन्ही कळून चुकल्या आहेत. मुंबई-पुण्याहून गावी घर बांधायला येणारे ओळखीतले लोक मला सारखं विचारतात, चिरा घेऊ, वीट घेऊ की सिमेंटचा ब्लॉक? माझं उत्तर चिरा. पाचपैकी चार गुण मी त्याला डोळे मिटून देईन. मात्र चिरा घेताना डोळे उघडे हवेत, कारण त्याच्याइतका दर नगाला बदलणारा माल दुसरा नाही.

माझी नोकरी एसटीच्या भांडारात झाली. माल उतरण्याआधी बघायचा, उतरताना मोजायचा आणि मगच चलनावर सही करायची, हे तिथे अंगात मुरलं. चिरेसुद्धा मी तसेच घेतले आणि त्याचा फार फायदा झाला.

पहिलं सांगणं असं की रस्त्याकडेला रचून ठेवलेल्या ढिगावरून चिरा पसंत करू नका. खाणीवर जा. सड्यावर खाण लागते ती वरून खाली. सगळ्यात वर उघडा कातळ असतो, उन्हापावसात शतकानुशतकं तावून काळपट आणि फार कडक झालेला. त्याचे नीट चौकोनी चिरे निघत नाहीत. तो बाजूला केला की खाली कामाचा दगड लागतो, गडद तांबूस, भोकाभोकांचा. आणखी खाली जावं तसा दगड मऊ होत जातो, लालात पिवळे आणि पांढरट पट्टे वाढत जातात आणि शेवटी नुसती चिकण माती लागते. म्हणजे एकाच खाणीतला, एकाच दिवशी कापलेला माल दोन जातींचा असू शकतो. तुमचा चिरा किती खोलीवरचा आहे हे खाणीत उतरूनच कळतं. मालक म्हणतो, "सगळो एक नंबर माल." त्याला नम्रपणे सांगायचं, की आम्हाला या या थरातलाच द्या.

कापायचं काम आता मशीनवर होतं. रुळांवर सरकणारी मशीन, तिला मोठं गोल पातं. आधी एका दिशेने सरळ काप घेतात, मग त्यांना छेद देणारे, आणि शेवटी बुडातून काप घेऊन चिरा सुटा करतात. धूळ इतकी उडते, की माणसं भुवयांपर्यंत लाल झालेली असतात. मी गेले तिथे बहुतेक कामगार कर्नाटकातून आलेले होते आणि नाकातोंडाला गुंडाळलेल्या गमछापलीकडे त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. दिवसभर ती धूळ छातीत जाते. खाणमालकांनी त्यांना नीट मास्क द्यावेत, हे मी तिथल्या तिथे बोलले आणि इथेही लिहून ठेवते.

पूर्वी हेच काम कुदळीने व्हायचं. आमच्या गावाच्या जुन्या खाणीत उभ्या भिंतींवर कुदळीच्या तिरक्या घावांच्या ओळी अजून स्पष्ट दिसतात. हातचा चिरा बांधताना गवंड्याला तासून घ्यावा लागतो आणि सांधे जाड येतात. मशीनचा चिरा सरळ असतो, सांध्यात भरायचा माल कमी लागतो, काम झपाट्याने पुढे सरकतं. साधारण सव्वा फूट लांब आणि नऊ इंच रुंद असा आमच्याकडे आला. जाडी खाणीखाणीला बदलते. दोन खाणींचा माल एका भिंतीत आला की थर जुळत नाहीत, म्हणून लागणारा सगळा चिरा एकाच ठिकाणाहून घ्यावा.

तपासायचा कसा? हातोडीने वाजवून. चांगला चिरा खणखणीत वाजतो, मऊ चिरा बद्द आवाज करतो. किल्लीने कडेवर ओरखडा काढून बघा. नुसती रेघ उमटली तर ठीक, भुगा पडायला लागला तर तो चिरा भिंतीत घेऊ नका. पांढऱ्या मातीचे मोठे गोळे अडकलेला चिराही नको, पहिल्या पावसात ती माती वाहून जाते आणि तिथे मूठभर खड्डा राहतो. नवीन माणसं भोकांना घाबरतात. भोकं हा जांभ्याचा दोष नाही, तो तसाच असतो. भोकांच्या मधला दगड कणखर आहे का, एवढंच बघायचं. कागदावर हवं असेल तर भारतीय मानक 3620 आहे. त्यात चिऱ्याने दर चौरस मिलिमीटरला निदान 3.5 न्यूटन दाब सोसावा आणि वजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं म्हटलं आहे. मोठं बांधकाम असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार चिरे देऊन चाचणी करून घ्यावी.

या दगडाचा स्वभाव समजून घेतला की पुढची बरीच कामं सोपी होतात. सड्याच्या खाली काळा दगडच आहे. कोकणातला धो धो पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षांत त्याच दगडातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोखंडामुळे त्याला हा गंजाचा रंग आला. जमिनीत आहे तोवर जांभा ओलसर आणि नरम असतो. बाहेर काढून वाळला की त्यातल्या लोहाचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरने मलबारात अंगाडिपुरमला हाच प्रकार पाहिला आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात लिहून ठेवला: लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा दगड उघड्यावर ठेवला की विटेसारखा टणक होतो. शास्त्रात या दगडाची नोंद तिथून सुरू झाली. आपल्या गवंड्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आमचे मेस्त्री सत्तरीचे. चिरा खाणीवरून आणला आणि लगेच दोरी लावू या म्हटलं तर ते तयार होईनात. म्हणाले, "बाय, चिरो एक पावस खाल्लेलो बरो. मगे त्येची जात कळता." ऐकलं त्यांचं. पावसाळ्याआधी चिरे आणून मोकळ्या जागेत, मधे फट ठेवून रचले. पावसाने भोकांतली माती धुऊन काढली. काहींचे कोपरे गळले, थोडे तर उचलताना मधोमध फुटले. ते सगळे बाजूला काढून गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीला, वापरले. उरले ते दिवाळीनंतर हातात घेतले तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. घाई असेल त्यांना इतकं थांबणं जमणार नाही हे मला कळतं. त्यांनी निदान महिनाभर तरी चिरा उन्हात वाळू द्यावा. काल कापलेला ओला चिरा आज भिंतीत घालण्याचा प्रकार मी आसपास सर्रास बघते आणि मन खट्टू होतं. त्या घरमालकाला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

पुरवठ्याच्या बाबतीत एक वाईट अनुभव आहे. नाव देत नाही. पहिल्या गाड्या चांगल्या आल्या आणि मग एक गाडी रात्री उशिरा दारात उभी राहिली. ड्रायव्हरला उतरवून निघायची घाई. मी सकाळपर्यंत थांबवलं, त्याला जेवायला वाढलं, पडवीत अंथरूण घातलं. उजेडात बघितलं तर वरचे दोन थर खणखणीत आणि खाली सगळा पिवळा, मऊ माल. वरचे तेवढे ठेवून बाकी परत पाठवले. थोडी बाचाबाची झाली, पण बदलून मिळाले. म्हणून व्यवहार गाडीवर करू नका, नगावर करा. खाणीवरचा दर आणि घरपोच दर वेगळे विचारा, वाटेत फुटलेले चिरे कोणाच्या माथी हे आधी ठरवा, आणि माल नेहमी दिवसाउजेडी उतरवून घ्या.

आता बांधकामाबद्दल. आमच्या पायाला काळा दगड आहे, जोत्याच्या वर चिरा, नऊ इंची भिंत, माथ्यावर मंगलोरी कौलं. जोत्याला आणि दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आरसीसीचा सलग पट्टा फिरवला आहे. जांभा वरून येणारा भार उत्तम पेलतो, वाक मात्र सोसत नाही, त्यामुळे दार-खिडकीची उघडी जागा पार करायला त्याच्यावर विसंबायचं नसतं. जुन्या घरांत दारावर लाकूड किंवा कमान दिसते ती याचसाठी. बांधण्याआधी चिरा भिजवून घ्यावा लागतो, नाहीतर तो मालातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा कच्चा राहतो. सांधेमोड नीट झाली आहे ना, हे दर थराला बघावं. एकावर एक उभे सांधे आले की भेग तिथूनच सुरू होते.

वायरिंग आणि नळाच्या झिऱ्या मारायला चिरा सोपा, पण घरभर लाल धूळ होते, म्हणून हे काम रंगाच्या आधीच उरकावं. खिळा मात्र धरत नाही. ठोकला की भोवतीचा दगड भुगा होऊन गळतो. घड्याळ कसंबसं लटकतं. गीझर, वॉशबेसिन, स्वयंपाकघरातली मांडणी यांच्या जागा बांधकामाआधी ठरवून त्या त्या ठिकाणी भिंतीत काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या. आमच्या मेस्त्रींनी हे आपणहून सुचवलं आणि आज त्यांचे उपकार वाटतात. आतल्या बाजूला चिरा उघडा ठेवायची फॅशन आहे. एखादी भिंत ठेवा. झोपायच्या खोलीत नको. हात लागला की पांढऱ्या कपड्यांवर लाल डाग पडतो आणि भोकांत मुंग्या, कुंभारमाश्या ठाण मांडतात. आम्ही बैठकीतली एक भिंत उघडी ठेवली, बाकी गिलावा केला.

गारवा? आहे, आणि तो खरा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर सडा तापलेला असताना आतल्या खोलीत पंखा हळू लावून झोप लागते. पश्चिमेची भिंत मात्र दिवसभर ऊन पिते आणि दिवेलागणीला परत देते. संध्याकाळी खिडक्या उघडून वारा खेळता ठेवला तर त्रास होत नाही. आमच्या शेजारी सिमेंटच्या ब्लॉकचं घर आहे, बांधकाम अगदी व्यवस्थित. तरी दुपारी तिथली म्हातारी माणसं आमच्या पडवीत येऊन बसतात.

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते पावसाबद्दल. एक गुण मी कापला तो याच्यासाठी. चिरा पाणी पितो. नैर्ऋत्येकडून झड येते तेव्हा त्या बाजूची उघडी भिंत जुलैभर ओली राहते, आतून हात लावला तर दमट लागते, बाहेरून काळी पडते आणि शेवाळ धरते. यावर बाजारात चकचकीत कोट मिळतात, चिरा ओला असल्यासारखा लालभडक दिसतो आणि फोटो छान येतात. मी ते लावलेलं नाही आणि लावा असं कोणाला सांगणार नाही. भिंतीत पाणी फक्त समोरून येत नाही, जोत्यातून आणि सांध्यांतूनही चढतं. बाहेरून तोंड बंद केलं की ते आतल्या आत अडकतं आणि कोट पापुद्रे होऊन सुटतो, सोबत दगडाची कातडीही नेतो. ओळखीतल्या एका घरी हे मी पाहिलं आहे.

खरा उपाय आपल्या जुन्या घरांतच आहे. उतरतं छप्पर, पागोळी भिंतीपासून चांगली तीन फूट लांब पडेल अशी, आणि पावसाच्या तोंडाला पडवी. त्याशिवाय लोक पावसाळ्यात झडीच्या बाजूला माडाची विणलेली झापं बांधत. ज्याला परवडे तो चुन्याचा गिलावा करी. चुना पाणी अडवतो आणि भिंत सुकूही देतो. आम्ही नैर्ऋत्येच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा केला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागला, खर्चही वाढला. पण त्या भिंतीला आतून ओल येत नाही.

"जांभ्याची शोभा झाकायची कशाला?" असं मला विचारतात. त्यांना मी ओल्ड गोव्याला जायला सांगते. बॉम जेझू बासिलिकेचं बांधकाम 1594 ला सुरू झालं, 1605 मध्ये ती पवित्र केली गेली. आज तिच्या लाल उघड्या भिंती जगभर ओळखल्या जातात. पण बांधणाऱ्यांनी तिला चुन्याचा गिलावा दिला होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या काळात तो उतरवला गेला आणि तेव्हापासून तो दगड पाऊस खातो आहे. जवळ जाऊन बघा, कडा झिजून गोल झाल्या आहेत. गिलावा परत करावा की नाही यावर गोव्यात बरीच चर्चा झाली आहे आणि माझं मत स्पष्ट आहे, करावा. समोरच सांता कातारिना कॅथेड्रल उभं आहे, तेही जांभ्याचंच, पण पांढरं, चुन्यात लपेटलेलं. दोन्ही भिंतींसमोर पाच-पाच मिनिटं उभं राहिलं की कोणाला काही समजावून सांगायची गरज उरत नाही. बासिलिकेच्या दर्शनी भागावर जे बारीक कोरीव काम आहे ते काळ्या दगडात आहे, आणि तो वसईकडून आणलेला. जांभ्यावर नाजूक नक्षी टिकत नाही, हे त्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. घराच्या दर्शनी भागावर चिऱ्यात वेलबुट्टी कोरून मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तिथून थोडं वर संत ऑगस्टिनच्या चर्चचा मनोरा आहे, सुमारे 46 मीटर उंच, जांभ्याचा. 1835 मध्ये ते चर्च ओस पडलं. निगा संपली, 1842 मध्ये छत कोसळलं, आणि पुढे 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. छप्पर गेलं की जांभ्याची भिंत किती दिवस काढते याचा हिशेब तिथे उघड्यावर मांडून ठेवला आहे. कौल फुटलं की त्याच दिवशी बदलायचं, हे मी तो मनोरा बघून आल्यापासून काटेकोर पाळते.

आणि जाडी असेल तर हाच दगड काय करतो ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. विजयदुर्गाचे तट जांभ्याचे आहेत. समुद्राचा मारा त्यांनी सोसला, 1756 साली इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने डागलेल्या तोफा सोसल्या, आणि ते आजही उभे आहेत. रत्नागिरीचा थिबा राजवाडा 1910 चा, त्यातही जांभा आहे, आणि उतरत्या छपरांनी त्याच्या भिंती राखल्या आहेत. जांभा टिकत नाही असं म्हणणारे कंत्राटदार भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, सरळ विजयदुर्गला घेऊन जा.

चिऱ्याची किंमत फक्त आपण मोजत नाही. चिरा काढून झाला की सड्यावर मोठा चौकोनी खड्डा उरतो, पावसात तुडुंब भरतो, कठडा नसतो, गुरं आणि मुलं त्यात पडण्याची भीती असते. सड्यात मुरलेलं पाणीच पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं, त्यामुळे सडा कुठे आणि किती खणायचा याचा विचार वाडीनेच करायला हवा. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे पसरतात, दीपकाडी उगवते. आणि त्याच कातळावर आपल्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. राजापूर तालुक्यात बारसूला, मालवण तालुक्यात कुडोपीला ती जाऊन बघता येतात. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मशीनचं पातं एकदा फिरलं की ती परत येत नाहीत. चिरा गौण खनिजात मोडतो, त्यासाठी महसूल खात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. गाडी दारात आली की पास मागा. विनापरवाना खाणीचा चिरा स्वस्त पडतो, पण मी तो घेतला नाही आणि कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच जुन्या चिऱ्याकडे लक्ष ठेवा. आजकाल गावोगाव जुनी घरं पाडून स्लॅबची बांधतात आणि आजोबा-पणजोबांच्या वेळचे चिरे भरावाला टाकतात. ते बघून पोटात तुटतं. इतके पावसाळे खाऊन उभा राहिलेला चिरा नवीन खाणीत मिळत नाही. त्याची परीक्षा होऊन गेलेली असते. आम्ही विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावनाचा चौथरा आणि मागची न्हाणी अशाच चिऱ्यांत बांधली. मातीत बांधलेल्या भिंतीचे चिरे सहज अखंड निघतात, सिमेंटमधले फुटतात. आकार एकसारखे नसतात, गवंड्याला तासावे लागतात, मजुरी थोडी वाढते. तरीही कोणी घर पाडतंय असं कळलं की आधी तिथे जाऊन विचारा.

दोन मजल्यांच्या वर जायचं असेल, किंवा झडीच्या बाजूला पागोळी आणि पडवी द्यायला जागाच नसेल, तर चिऱ्याच्या भिंतींवर भार देऊ नका, खांब-तुळयांचा सांगाडा करून मधे चिरा भरा. दुसरं, हिशेबापेक्षा शंभरेक चिरे जास्त मागवा आणि परसात रचून ठेवा. पुढे एखादी खोली वाढवायची झाली किंवा कोपरा दुरुस्त करायचा झाला तर त्याच जाडीचा, त्याच रंगाचा दगड लागतो, आणि तोवर ती खाण बहुधा बंद झालेली असते. आमची झाली आहे.